दुसऱ्या फळीतला राजा

12 मार्च 2017. योकोहामाच्या मित्सुझावा स्टेडियमवर जे-2 लीगचा, म्हणजे जपानी फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचा सामना सुरू होता. समोर गुन्मा प्रांतातला थेस्पाकुसात्सु संघ. चाळिसाव्या मिनिटाला गोलसमोर सुटलेला चेंडू योकोहामा एफसीच्या 11 नंबरवाल्याने जमिनीलगत फटकावून जाळ्यात धाडला आणि लगेच सांबाच्या ठेक्यावर पावलं नाचवली. सामना त्याच एका गोलवर 1-0 असा सुटला. गोल करणाऱ्या काझुयोशी मिउराचं वय होतं 50 वर्षं 14 दिवस. आठवडाभर आधीच, नागासाकीविरुद्ध उतरून, त्याने इंग्लंडच्या सर स्टॅन्ली मॅथ्यूज यांचा 1965 पासूनचा सर्वांत वयस्क व्यावसायिक खेळाडूचा विक्रम मोडला होता.

जगाने ही बातमी नवलाची म्हणून वाचली आणि सोडून दिली. मला मात्र वयापेक्षा ठिकाण महत्त्वाचं वाटतं. जपान ज्याला ‘किंग काझू’ म्हणतो, तो राजा दुसऱ्या श्रेणीत इतकी वर्षं करत काय होता?

मिउरा शिझुओकाचा, जन्म 1967 चा. 1982 मध्ये हायस्कूल अर्धवट टाकून पंधराव्या वर्षी तो एकटा ब्राझीलला गेला आणि 1986 मध्ये पेलेच्या सांतोस क्लबशी त्याने पहिला व्यावसायिक करार केला. 1993 मध्ये जे-लीग सुरू झाली तेव्हा पहिल्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. इटलीच्या सेरी-आ मध्ये खेळणारा पहिला जपानीही तोच. देशासाठी 89 सामन्यांत 55 गोल केले. आणि जपान प्रथमच विश्वचषकात खेळला त्या 1998 साली, स्पर्धा तोंडावर आलेली असताना प्रशिक्षक ताकेशी ओकादांनी त्याला संघातून वगळलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. इथेच त्याची कहाणी संपली असती तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

2005 मध्ये तो योकोहामा एफसीत आला. या क्लबचा जन्म समजल्याशिवाय मिउराचं उत्तरायुष्य समजत नाही. 1998 च्या ऑक्टोबरात योकोहामा फ्लूगेल्स हा संघ प्रायोजक हटल्यामुळे शेजारच्या मरिनोस संघात विलीन करायचं ठरलं. प्रेक्षक रस्त्यावर उतरले. मोडीत निघालेल्या त्या संघाने 1 जानेवारी 1999 ला एम्परर्स कप जिंकला, तरी निर्णय बदलला नाही. तेव्हा प्रेक्षकांनीच पैसे उभे करून नवा क्लब काढला, तिसऱ्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत तो जे-2 मध्ये नेला. मिउरा आल्यावर 2006 मध्ये संघ जे-2 चा विजेता झाला, एक वर्ष पहिल्या श्रेणीत खेळला, पुन्हा घसरला आणि 2008 ते 2019 अशी सलग बारा वर्षं खालीच राहिला. मिउराही राहिला. त्याच्या नव्या कराराची घोषणा दर वर्षी 11 जानेवारीला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी व्हायची. जर्सीच्या नंबराचा तो मान.

यावर एक आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पन्नाशीनंतर मिउराच्या वाट्याला हंगामात मोजकेच सामने आले, तेही बहुतेक बदली म्हणून. ती जागा एखाद्या विशीतल्या पोराला मिळाली असती. माझं उत्तर असं की खालच्या लीगमध्ये जागेइतकाच प्रेक्षकांचाही तुटवडा असतो. 2022 मध्ये मिउरा चौथ्या श्रेणीतल्या सुझुकाकडे गेला. तिथे प्रशिक्षक त्याचा थोरला भाऊ यासुतोशी होता. त्या ऑक्टोबरात टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर सुझुकाच्या सामन्याला सोळा हजारांवर लोक आले. चौथ्या श्रेणीला! त्या गर्दीसमोर खेळलेल्या पोरांचा तोटा झाला असं मला वाटत नाही. पुढे पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत ओलिव्हेरेन्सकडून खेळून तो सुझुकाला परतला आणि 2025 मध्ये 58 व्या वर्षीही मैदानात उतरला. व्यावसायिक म्हणून तो त्याचा चाळिसावा हंगाम.

आता आपल्याकडे पाहू. जपानच्या शिमोनोसेकीत जन्मलेला, गुजराती वडील आणि जपानी आईचा मुलगा आराता इझुमी सिंगापूर आणि कोलकात्यामार्गे मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला आला, मग पुणे एफसीत रमला. 2012 मध्ये जपानी पासपोर्ट सोडून भारतीय झाला, 2013 मध्ये भारताकडून खेळला. खेळाडू टिकणारा होता, त्याचे क्लब टिकले नाहीत. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद पडला, काही वर्षांत पुणे एफसीही गेला. मालकाचं मन बदललं की सगळं संपतं, कारण खाली धरायला कुणीच नसतं.

धरणारे लोक महाराष्ट्रात नाहीत असं कसं म्हणू? कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिथे लोटते. कंपनी नव्हे, पेठ त्या संघाची मालक. पण तिथल्या पोराला खेळावर घर चालवता येईल असा करार त्या पेठेच्या ऐपतीबाहेरचा आहे. मुंबई-पुण्याकडे करार होता, पेठ नव्हती. योकोहामाच्या प्रेक्षकांनी दोन्ही एकत्र आणलं, म्हणून मिउराला चाळीस वर्षं मिळाली. राज्य संघटनेने आणि पैसा असलेल्यांनी आधी कोल्हापूरला जावं, आणि नवा संघ काढण्याऐवजी तिथल्या तालमींना पगार देण्याइतकं बळ द्यावं.