हात का उठतो?

खुनाची बातमी वाचली की ‘राक्षसच तो!’ म्हणून आपण मोकळे होतो. पण शिवी म्हणजे निदान नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांत मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स गिलिगन वर्षानुवर्षे कैद्यांना ‘का मारलेस?’ असे विचारत. ‘त्याने माझा अपमान केला,’ हे उत्तर वारंवार येई. हिंसेच्या मुळाशी लपवलेली लाज असते, असे त्यांनी १९९६ च्या पुस्तकात मांडले. (आणि आपण मुलांना चारचौघांत किती सहज लाजवतो!) पण अपमान सगळेच गिळतात, हात एखाद्याचाच उठतो. मान राखायचा दुसरा मार्ग ज्याला दिसत नाही त्याचा, असे गिलिगन म्हणतात. मला हे बरेचसे पटते. कोडे मात्र पुरते सुटत नाही. म्हणून मारकुटा नवरा दवाखान्यात आला, की आधी त्याची बायको सुरक्षित आहे ना हे पाहतो. मग विचारतो, ‘हात उठण्याआधी काय झाले होते?’ आणि घाई न करता ऐकतो.