कपाटातलं कार्ड आणि गिरणीचं कर्ज

गेल्या महिन्यात आमच्या एका गटातल्या ताईंचं पिठाच्या गिरणीचं कर्ज बँकेत अडकलं. कागद सगळे जागेवर, गटाची परतफेड चोख, तरी साहेब म्हणाले, "तुमचं सिबिल कमी आहे." आम्ही त्यांच्या मोबाईलवर अहवाल काढला, तर त्यात एक क्रेडिट कार्ड निघालं. दीड वर्षापूर्वी तालुक्याच्या बाजारात एका टेबलावर "फुकट आहे" म्हणून घेतलेलं. त्यावर एका रुपयाची खरेदी नाही. कार्ड कपाटात साड्यांखाली पडून होतं. मग झालं काय?

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत. आपण कर्ज कुठे घेतलं, कसं फेडलं, याची नोंद त्या ठेवतात आणि 300 ते 900 मध्ये गुण देतात. साधारण साडेसातशेच्या पुढे गुण असले की बँकेला भरवसा वाटतो.

आपण कार्डाचा अर्ज केला की बँक आपला अहवाल मागवते. ती चौकशी अहवालात नोंदली जाते आणि गुण थोडे घसरतात. एका अर्जाने फार बिघडत नाही. पण महिन्याभरात चार ठिकाणी अर्ज केले, तर ही बाई पैशाच्या अडचणीत आहे की काय, असं बँकेला वाटतं. कार्ड मिळालं की नवं खातं जोडलं जातं, त्यामुळे आपल्या कर्जखात्यांचं सरासरी वयही कमी होतं. म्हणून मोठं कर्ज काढायचं असेल, तर त्याआधीचे काही महिने नवं कार्ड नकोच.

हे धक्के छोटे, नीट फेड केली की भरून निघतात. ज्यांच्या नावावर आजवर कर्जच नाही, त्यांची तर कार्डामुळे नोंद सुरू होते. मात्र मर्यादा वीस हजारांची असेल, तर सहा हजारांच्या आत वापरावं आणि बिल तारखेच्या आधी पूर्ण भरावं. "किमान रक्कम" भरून भागतं असं समजू नका. उरलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांना महिना शेकडा तीन-साडेतीन रुपये व्याज लागतं. आपल्या गटात शेकडा दोन रुपये घेताना आपण किती वाद घालतो!

ताईंचं घोडं अडलं ते इथे. कार्ड पहिलं वर्ष फुकट होतं, दुसऱ्या वर्षी पाचशे रुपये फी लागली. बिलाचे मेसेज मुलाच्या मोबाईलवर जात होते, त्याने जाहिरात समजून पुसले. पाचशेवर दंड लागला, आणि अहवालात दर महिन्याला "थकबाकी" लागत गेली. असा उशीर मागच्या 36 महिन्यांपर्यंतचा अहवालात दिसतो.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की न मागता कार्ड देता येत नाही, आणि कार्ड चालू होण्याआधी त्याची माहिती या कंपन्यांना कळवता येत नाही. पण ताईंनी त्या टेबलावर ओटीपी सांगितला होता. तो त्यांचा होकार धरला गेला.

नको असलेलं कार्ड कात्रीने कापून बंद होत नाही, हेही सांगून ठेवतो. बाकी भरायची आणि बंद करण्याचा अर्ज द्यायचा. बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर कंपनीने आपल्याला दिवसाला 500 रुपये द्यायचे असा नियम आहे. "थोडे भरा, मिटवून टाकू" असं कुणी म्हटलं तर जपून. तडजोड झाली की अहवालात तसा शेरा पडतो, आणि तो पुढच्या बँकेला खुपतो.

आमच्या ताईंनी पूर्ण पैसे भरले, कार्ड बंद केलं, बाकी नसल्याचं पत्र घेतलं. अहवालात सुधारणा दिसली की ते पत्र घेऊन आम्ही त्यांच्यासोबत परत बँकेत जाणार आहोत.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. पुढच्या बैठकीला येताना पॅन कार्ड आणि ज्या नंबरवर तुमचे मेसेज येतात तो मोबाईल आणा. बसून बघू. ओटीपी मात्र तुमचा तुम्हीच टाकायचा, आम्हालाही सांगायचा नाही.