कडधान्यावरील भुंगेऱ्याची दुष्काळी पिढी

वाशीम जिल्ह्यात तुरीची मळणी होऊन दाणा घरात आला, की आपले शेतकरी बंधू निश्चिंत होतात. पुढे काही महिन्यांनी पोते सोडून पाहावे, तो दाण्यास भोके पडून आत पीठ झालेले! असे पोते कोपऱ्यात ढकलले जाते. खाण्यास काही उरले नाही, तेव्हा कीडही तेथेच मरेल, असा समज असतो. तो चुकीचा का, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

भुंगेऱ्याची मादी दाण्यावर अंडी चिकटविते. अळी दाण्यात शिरून तेथेच वाढते. बाहेर पडलेल्या भुंगेऱ्यास साठवणीत अन्न लागत नाही. अळीपणी अंगी साठलेल्या चरबीवरच त्याचे आयुष्य व मादीची अंडी अवलंबून असतात. हे भांडवल थोडे. ते अंड्यांत घातले तर आयुष्य तुटते, आयुष्यास राखले तर अंडी घटतात.

दाणे विपुल असता निपजणारी मादी लगेच अंडी घालू लागते व थोड्याच दिवसांत मरते. ती क्वचितच उडते. परंतु एकेका दाण्यात अनेक अळ्यांची दाटी झाली व साठा तापला, म्हणजे निराळी पिढी निपजते. तिच्या अंगी चरबी अधिक असते; अंडी उशिरा पक्व होतात व कमी असतात; पण ती जास्त दिवस जगते व चांगली उडते. चवळीवर व तुरीवरही पडणाऱ्या भुंगेऱ्यातील ही दोन रूपे जपानी शास्त्रज्ञ उतिदा यांनी १९५४ साली वर्णिली.

हे शहाणपण कीटकास कोणी शिकविलेले नाही. शेतात शेंगा वर्षातून थोडेच महिने मिळतात. ज्या वंशांनी दाणे सरल्यावरही सारी अंडी जागच्या जागी घातली, त्यांची संतती उपाशी मेली. टंचाईची चाहूल लागताच अंडी राखून उडून जाणारी संतती ज्यांत निपजली, ते वंश टिकले. अशी निवड पिढ्यानुपिढ्या होत आली आहे.

यावरून बोध असा, की पोखरलेले पोते म्हणजे किडीची कबर नव्हे, तर तिची पाठवणी होय. तेथून उडालेले भुंगेरे शेजारच्या कणगीत व शेतातील पिकल्या शेंगांवरही जातात. म्हणून किडका दाणा वेळीच चाळून नष्ट करावा, रिकामी पोती कडक उन्हात तापवावीत, नवा दाणा चांगला वाळवूनच भरावा, आणि घरखर्चाच्या तुरीची डाळ लवकर करून घ्यावी. फोडलेल्या डाळीस हा भुंगेरा फारसा लागत नाही. दाटी होण्यापूर्वी एक पोते आवरले, तर पुढील हंगामाची कितीतरी हानी टळेल.