रेडिओ-नियंत्रित मोटारीची स्टिअरिंग यंत्रणा

रेडिओ-नियंत्रित मोटारीची स्टिअरिंग यंत्रणा म्हणजे मोटारीच्या लहान प्रतिकृतीची पुढील चाके दूरनियंत्रकाच्या आज्ञेनुसार डावी-उजवीकडे वळवणारी यंत्रणा होय. तामिया या जपानी कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या गाडीची १:१२ प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली. प्राथमिक संचातील स्टिअरिंगचे भाग बहुधा प्लॅस्टिकचे असतात. गाडीचा वेग वाढवल्यावर त्यांतील ढिलाई जाणवू लागते व ते बदलावे लागतात.

रचना

रिसीव्हरकडून आलेला संकेत सर्व्हो या छोट्या मोटरसंचाकडे जातो. सर्व्होला तीन तारा असतात. दोन वीजपुरवठ्यासाठी व एक संकेतासाठी. साधारणतः १.५ मिलिसेकंदाच्या स्पंदाला सर्व्हो मध्यस्थानी राहतो, तर १ व २ मिलिसेकंदांच्या स्पंदांना तो दोन टोकांकडे वळतो. सर्व्होच्या दांड्यावरील हॉर्न पुढे बेलक्रँक व टाय रॉड यांच्याद्वारे चाकांचे नकल फिरवतो. वळणावर आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक वळावे लागते. ही भूमिती जर्मन बग्गीकार गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यांची असून रुडॉल्फ अॅकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतल्यामुळे ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

भागांची सुधारणा

भाग बदलण्यापूर्वी ढिलाई नेमकी कोठे आहे, हे शोधणे आवश्यक असते. सर्व्हो चालू ठेवून पुढील चाक हाताने हलवल्यास कोणता सांधा आधी हलतो, ते दिसते.

* बेअरिंग : बेलक्रँकमधील प्लॅस्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग बसवल्यास घर्षण व ढिलाई दोन्ही घटतात. कमी खर्चात होणारी ही पहिली सुधारणा होय.
* टर्नबकल : याच्या एका टोकाला उजवे व दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. त्यामुळे टाय रॉड न काढता चाकांचा कल बदलता येतो.
* सर्व्हो : याची ताकद किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये, तर वेग ६० अंश फिरण्यास लागणाऱ्या सेकंदांत मोजतात. दांड्यावरील दाते कंपनीनुसार वेगळे असतात. फुताबाचे २५, हायटेकचे २४ व सान्वाचे २३. हॉर्न त्यानुसारच घ्यावा लागतो.
* ॲल्युमिनियमचे भाग : हे मजबूत असले, तरी प्लॅस्टिकप्रमाणे लवचीक नसतात. धडकेचा धक्का ते न शोषता पुढे सर्व्होच्या दात्यांपर्यंत पोहोचवतात. म्हणून स्प्रिंग असलेला सर्व्हो सेव्हर काढून टाकणे धोक्याचे ठरते.

वीजपुरवठा व सुरक्षितता

ताकदवान सर्व्हो अधिक वीजप्रवाह ओढतो. वेगनियंत्रकातील वीजपुरवठा अपुरा पडल्यास रिसीव्हरचा दाब घसरतो व गाडीवरील नियंत्रण क्षणभर सुटू शकते. १:८ प्रमाणातील गाडीचे वजन साधारणपणे तीन किलोग्रॅमच्या वर असल्यामुळे असा क्षण पादचाऱ्यास इजा करणारा ठरू शकतो. म्हणून नवीन सर्व्होची पहिली चाचणी चाके जमिनीपासून उचलून घेणे योग्य होय.

पुण्यात नारायण पेठेजवळच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांसाठी परिचित आहे. मात्र पेठांतील अरुंद, वर्दळीचे रस्ते चाचणीस योग्य नाहीत. त्यासाठी मोकळे मैदान आवश्यक असते.