कच्च्या आहाराचे साधे ताट

'पी हळद आणि हो गोरी' अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. आहारात बदल करू पाहणाऱ्या माणसाची वृत्ती पुष्कळदा अशीच असते. आज संकल्प, उद्या आरंभ आणि परवा फळ, अशी त्याची अपेक्षा असते. गेल्या हिवाळ्यात सोनागिरीतील आमच्या घरी याचा प्रत्यय आला आणि त्यातूनच हा लेख लिहिण्याची बुद्धी झाली.

आमचे थोरले बंधू नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते. वजन वाढले होते, जिना चढताना धाप लागत होती. कोणा स्नेह्याने त्यांना सांगितले की, ज्याला अग्नीचा स्पर्श झाला नाही तेच खरे अन्न. झाले! दुसऱ्याच दिवशी पिपलानीच्या बाजारातून दोन पिशव्या भरून भाजी आणि फळे आली. मोड आलेले मूग, मटकी आणि हरभरे. गाजर, मुळा, कोबी आणि पालक. पेरू आणि शिंगाडे. भिजवलेले बदाम, शेंगदाणे आणि वर ओले खोबरे. असे बारा पदार्थ एका ताटात विराजमान झाले. दादांनी ते मोठ्या श्रद्धेने सेवन केले. चौथ्या दिवशी त्यांचे पोट फुगले, पाचव्या दिवशी डोके दुखू लागले. दोष मुगाचा की मुळ्याचा, कोबीचा की शेंगदाण्याचा, हे मात्र कोणालाही सांगता येईना.

तिकडे स्वयंपाकघरात निराळाच प्रकार चालला होता. वहिनी पहाटे पाचपासून निवडणे, धुणे, सोलणे आणि किसणे यांत गुंतलेल्या असत. घरातील इतरांसाठी वरण, भात, पोळी हेही होतेच. एके दिवशी त्या हसत म्हणाल्या, "भावजी, यांच्यापुरता गॅस बंद झाला खरा, पण माझी किसणी काही थांबत नाही!" त्या हसत होत्या, तरी त्यांचे बोलणे आम्हांला बोचले. कच्च्या अन्नाला स्वयंपाक लागत नाही, असे म्हणणाऱ्याने ते अन्न ताटापर्यंत कोण आणते हे पाहिलेले नसते.

वाचकहो, या दोन्ही अडचणी नव्या नाहीत. महात्मा गांधींनी त्या स्वतः अनुभवल्या होत्या आणि कोणताही संकोच न बाळगता लिहूनही ठेवल्या होत्या. १८९३ साली ऑगस्ट महिन्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग आरंभिला. रात्री भिजत घातलेले गहू, वाटाणे व तांदूळ, त्यांच्या जोडीला बेदाणे, कवचीची फळे, संत्री आणि एक पेला कोको, अशी त्यांची पहिली न्याहारी होती. ती चावून संपविण्यास त्यांना पाऊण तास लागला! सकाळी मन प्रसन्न होते, पण सायंकाळी उदासपणा आला आणि डोके किंचित दुखू लागले, अशी नोंद त्यांनी केली आहे. पुढे अशक्तपणा जाणवू लागल्यामुळे तो प्रयोग थोड्याच दिवसांत आटोपता घ्यावा लागला. त्याची हकीकत १८९४ साली लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' या पत्रात प्रसिद्ध झाली.

दुसरा प्रसंग १९१५ सालचा. गांधीजी त्या वेळी केवळ फळे आणि सुका मेवा यांवर राहत असत. कलकत्त्यास भूपेंद्रनाथ बसू यांच्या घरी ते उतरले असता त्यांच्यासाठी शहरात मिळतील तितकी सर्व फळे आणि मेवे आणविण्यात आले, आणि घरातील स्त्रिया रात्रभर जागून मेव्याच्या साली काढीत बसल्या. आपल्या 'साध्या' आहारामुळे दुसऱ्यांना केवढे कष्ट पडतात, हे पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतले की, हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवावयाचे नाही. आहार कच्चा आहे एवढ्याने तो साधा होत नाही, पदार्थांची संख्या आणि त्यांमागील श्रम ही दोन्ही कमी झाली तरच तो साधा होतो, हेच या व्रताचे मर्म नव्हे काय?

१९२९ साली त्यांनी कच्च्या अन्नाचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा धडा त्यांच्या ताटात उतरलेला दिसतो. मोड आलेले गहू आठ तोळे, बदामाचा लगदा आठ तोळे, वाटलेला हिरवा पाला आठ तोळे, सहा लिंबे आणि दोन औंस मध. पदार्थ मोजून पाच आणि जेवणे दोन. आठ तोळे म्हणजे आजच्या मापाने सुमारे ९३ ग्रॅम. प्रत्येक वस्तूचे माप ठरलेले असल्यामुळे तिचा परिणाम पारखणे सोपे झाले. तरीही हा प्रयोग टिकला नाही. त्याच वर्षी आमांशाचा विकार झाल्यावर त्यांनी तो थांबविला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात दिवसभराच्या आहाराचे प्रमाण सांगताना त्यांनी दूध, धान्य, तूप आणि गूळ यांना स्थान दिले. पालेभाज्या तीन औंस, इतर भाज्या पाच औंस आणि कच्ची भाजी केवळ एक औंस, म्हणजे अवघी २८ ग्रॅम ठेवली. जवळजवळ पन्नास वर्षांच्या प्रयोगांचे हे सार होते.

आता कोणी विचारील की, कच्चे अन्न जर निसर्गाने दिलेले आहे, तर ते शरीराला जड का जावे? याचे उत्तर अग्नीच्या कार्यात आहे. धान्यातील आणि बटाट्यासारख्या कंदांतील पिष्ट कच्चे असताना पचनरसांना सहज दाद देत नाही. पाणी आणि उष्णता मिळाली की त्याचे कण फुगतात, मऊ होतात आणि सुलभतेने पचतात. कित्येक डाळींत आणि शेंगांत पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात. शिजविल्याने त्यांचा जोर नाहीसा होतो. राजमा कच्चा खाल्ला तर वांत्या आणि जुलाब होतात. अळूच्या पानाची गोष्ट तर आपल्या प्रत्येक घरी ठाऊक आहे. त्यातील सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक घसा खाजवितात, म्हणूनच आपण फतफते चिंच घालून चांगले शिजवितो. शिवाय मातीतून व पाण्यातून येणारे रोगजंतू अग्नीने मरतात, हा लाभ वेगळाच.

उलट पक्षी, काही गोष्टी अग्नीने नष्टही होतात. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि शिजविण्याच्या पाण्यात पुष्कळसे नाहीसे होते. म्हणून लिंबू, पेरू, आवळा, कोथिंबीर ही कच्ची खाणे हिताचे. परंतु गाजरातील व टोमॅटोतील रंगद्रव्ये शिजवून, थोड्या तेलातुपासह घेतली असता शरीरास अधिक मिळतात. म्हणजे कच्चे तेवढे चांगले आणि शिजलेले तेवढे वाईट, असा सरसकट निवाडा करता येत नाही.

आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठातून सुमारे ३४० कॅलरी उष्मांक मिळतात, तर १०० ग्रॅम काकडीतून केवळ १५. तेवढ्या पिठाइतकी शक्ती काकडीतून मिळवायची म्हटले, तर दोन किलोंहून अधिक काकडी खावी लागेल! कच्चा आहार घेणाऱ्याचे पोट भरते, पण अंगात त्राण राहत नाही, याचे रहस्य येथे आहे. तसेच ब-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध आणि दही यांतून मिळते. ज्यांची वाढ चालू आहे अशा मुलामुलींनी, गर्भवती स्त्रियांनी आणि औषधोपचार चालू असलेल्या रुग्णांनी पूर्ण कच्च्या आहाराच्या वाटेला डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मुळीच जाऊ नये.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? आमच्या मते, परक्या पाककृती शोधण्याचे कारण नाही. आपल्या मराठी स्वयंपाकघरात कच्च्या पदार्थांची परंपरा आहेच. काकडीची कोशिंबीर, कोबीची पचडी, गोपाळकाला, खानदेशातील कच्च्या मेथीचा किंवा कांद्याच्या पातीचा घोळाणा, आणि चैत्रातील हळदीकुंकवाला होणारी कैरी घातलेली वाटली डाळ, हे सारे चुलीवर न चढणारे पदार्थ. आपल्या पूर्वजांनी त्यांना ताटाच्या डाव्या बाजूस जागा दिली, उजवी बाजू भाजीआमटीकडे राहिली. ही मांडणी किती समंजस आहे!

ज्यांना कच्च्या अन्नाचे प्रमाण वाढवावयाचे असेल त्यांनी पुढील क्रम धरावा. पहिल्या आठवड्यात सकाळच्या तळलेल्या फराळाऐवजी केवळ एक फळ आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे घ्यावेत. दुपारचे व रात्रीचे जेवण नेहमीचेच ठेवावे. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या जेवणात एका भाजीची कोशिंबीर वाढवावी. एकाच भाजीची, पाच भाज्यांची नव्हे. तिसऱ्या आठवड्यात वाटीभर मोड आलेले मूग घेऊन पाहावेत. एका वेळी एकच बदल आणि तोही आठवडाभर टिकवून, हा नियम मोडू नये. पोटाला काय मानवले, झोप कशी लागली, थकवा आला काय, हे रोज दोन ओळींत वहीत टिपून ठेवावे. ताटात तीन पदार्थ असतील तर शरीराचे म्हणणे ऐकू येते. बारा असतील तर नुसता गलबला ऐकू येतो.

स्वच्छतेची काळजी शिजविलेल्या अन्नापेक्षा येथे अधिक घ्यावी लागते. भाजी वाहत्या पाण्यात नीट धुवावी, कंदांच्या साली काढाव्यात, चिरलेले फळ झाकून ठेवून मग खाण्यापेक्षा लागेल तेव्हाच चिरावे. मोडांना ऊब आणि ओलावा लागतो आणि रोगजंतूंनाही तेच आवडते. म्हणून मोड आलेले कडधान्य स्वच्छ पाण्याने धुऊन ताजे असतानाच संपवावे. लहान मुलांना आणि वृद्धांना ते वाफवूनच द्यावे. जून ते सप्टेंबर या भोपाळच्या पावसाळ्यात कच्च्या पालेभाज्या टाळलेल्या बऱ्या. प्रयोगाचा आरंभ करण्यास हिवाळा उत्तम. त्या वेळी गाजर, मुळा, मटार, पेरू सारे ताजे आणि स्वस्त असते.

आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: ज्याचा प्रयोग, त्याचेच श्रम. ज्याला कच्चे खावयाचे आहे त्याने स्वतः निवडावे, धुवावे, चिरावे. असे केले की पदार्थांची संख्या आपोआप कमी होते, हा आमच्या घरचा अनुभव आहे. वहिनींच्या त्या बोलण्यानंतर आम्ही दादांना गांधीजींच्या कलकत्त्याच्या मुक्कामाची हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे विळी घेऊन ते स्वतःच बसले. बारा पदार्थांचे सहा झाले, सहांचे तीन झाले. मग एकेक पदार्थ वगळून पाहिल्यावर ध्यानात आले की, त्रास मटकी आणि कोबी यांचा होता. मुगाचा आणि गाजराचा काहीच नव्हता.

आज दादा सकाळी एक पेरू आणि थोडे शेंगदाणे घेतात, दुपारी पोळी, वरण, भाजी यांच्यासोबत वाटीभर कोशिंबीर खातात आणि सायंकाळी मैदानावर दोन फेऱ्या मारून येतात. जिना चढताना धाप लागणे पुष्कळ कमी झाले आहे. ते कच्च्या अन्नाने, की फेऱ्यांनी, की तळलेले पदार्थ सुटल्याने, असे विचारले तर ते प्रामाणिकपणे म्हणतात, "तिन्ही एकदम सुरू केले, म्हणून सांगता येत नाही. तेथे मात्र मी माझाच नियम मोडला!"

सकाळची कोशिंबीर चिरण्याचे काम मात्र अजूनही त्यांच्याकडेच आहे, आणि वहिनी त्या वेळी निवांतपणे वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या असतात.