पेशीचें आवरण आणि साखर-मिठाचें पाणी

जुलाबांनीं थकलेल्या मुलास घरोघरीं साखर-मिठाचें पाणी पाजतात. शरीरांतून मीठ जातें, म्हणून मीठ द्यावयाचें हें सहज पटतें. परंतु साखर कशासाठीं? ती केवळ रुचीसाठीं किंवा शक्तीसाठीं नव्हे. तिचें खरें प्रयोजन पेशीच्या आवरणाच्या रचनेंत आहे.

प्रत्येक पेशीभोंवतीं एक अतिशय पातळ आवरण असतें. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारें सव्वा लाखाव्या भागाएवढी भरते. १९२५ सालीं हॉलंडमधील गॉर्टर व ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनीं रक्तांतील तांबड्या पेशींचा स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला, तेव्हां तो त्या पेशींचा पृष्ठभाग दोनदां झांकूं शकेल इतका असल्याचें त्यांस आढळलें. त्यावरून हें आवरण दुपदरी असावें असें अनुमान निघालें, आणि तें पुढें खरें ठरलें. त्यांतील रेणूंचें एक टोंक पाण्याशीं सलगी करतें व दुसरें पाणी टाळतें. पेशीच्या आंत-बाहेर पाणीच असल्यामुळें पाणी टाळणारीं टोंकें एकमेकांकडे वळतात, आणि मधोमध तेलकट थर तयार होतो.

प्राणवायु या थरांतून सहज पार होतो. मीठ व साखर मात्र अडतात. त्यांच्याकरितां आवरणांत प्रथिनांचीं द्वारें असतात. लहान आतड्यांतील अशा एका द्वाराचा नियम मोठा चमत्कारिक आहे. साखरेपासून होणारें ग्लुकोज आणि मिठांतील सोडियम हीं जोडीनें आलीं तरच तीं आंत घेतलीं जातात. आणि त्यांच्या मागोमाग पाणीहि शोषलें जातें. ही जोडी अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं मांडली.

पटकीचें विष क्षारांच्या दुसऱ्या द्वारांना उघडें ठेवतें. त्यामुळें क्षार व पाणी आतड्यांत वाहूं लागतें आणि रोगी कांहीं तासांत दगावूं शकतो. पण वर सांगितलेलें जोडद्वार त्या स्थितींतहि शाबूत राहतें. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पश्चिम बंगालमधील बनगांव येथें पटकी पसरली. शिरेंतून देण्याचें सलाइन अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यांत मिसळून रोग्यांस पाजण्याची व्यवस्था केली. शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४ हून खालीं आलें.

म्हणूनच या पाण्यांत मापास महत्त्व आहे. साखर अधिक झाल्यास ती उलट पाणी आतड्यांत खेंचून घेते व जुलाब वाढतात. औषधाच्या दुकानांतील तयार पूड तिच्या पाकिटावर सांगितलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यांत विरघळवावी. मुलास आवडेल म्हणून तींत आणखी चमचाभर साखर घालूं नये.