कामाचे हात (भाग ६) : सिस्टरांचे हातमोजे

मागच्या आठवड्यात चाकणच्या मशिनशॉपमधल्या कूलंटने फुटणाऱ्या हातांबद्दल लिहिलं. आज याच पट्ट्यातल्या सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय यांच्या हातांबद्दल. २०२० मध्ये पिंपरीचं वायसीएम रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं, तेव्हा या मंडळींचे हात तासन्‌तास ग्लोव्हजमध्ये कोंडलेले असायचे.

मुळात रबरी मोजे शस्त्रक्रियेत आले तेच एका नर्सच्या त्वचेपायी. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशकाने सोलवटायचे, म्हणून सर्जन हालस्टेड यांनी १८८९च्या सुमारास त्यांच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. तेच मोजे आज कित्येकांना सोसत नाहीत.

बहुतेकांचा त्रास ॲलर्जीचा नसतोच. ओल्या हातांवर चढवलेले मोजे, आत साचलेला घाम, पुन्हा पुन्हा साबण, यांनी कातडी कोरडी पडते आणि चिरते. खरी ॲलर्जी दोन तऱ्हांची. एक रसायनांची. रबराच्या चिकाला ताण यावा म्हणून गंधकासोबत थायुरम, कार्बामेट अशी द्रव्यं घालतात. टायरच्या रबरातही याच प्रकारची द्रव्यं असतात. त्यांचं पुरळ दिवस-दोन दिवसांनी उठतं, म्हणून अनेकदा सुट्टीच्या दिवशी खाज सुटते आणि मोज्यांचा संशयच येत नाही. मनगटाकडे नीट पाहा. मोज्याची कड जिथे संपते, तिथेच लाली थांबत असेल तर खूण पटली. इथे नायट्राइल मोजे घेऊनही गुण येईलच असं नाही, कारण त्यांतल्या बऱ्याच मोज्यांत हीच द्रव्यं असतात.

दुसरी ॲलर्जी चिकातल्या प्रथिनांची. ही कमी आढळते, पण धोक्याची. काही मिनिटांत गांधी उठतात, शिंका येतात, दम लागतो, क्वचित जिवावर बेततं. अशांपैकी काहींना केळं, किवी, ॲव्होकाडोही बाधतात. मोजे सहज चढावेत म्हणून आत लावलेली मक्याच्या स्टार्चची पावडर ही प्रथिनं हवेत नेते. त्यामुळे एकीने मोजे बदलून भागत नाही, शेजारणीच्या मोज्यातली पावडरही तिच्या श्वासात जाते. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली, ती योग्यच होती.

हात खाजला की मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणून चोळणं थांबवा. पुरळ तात्पुरतं दबतं, कारण तसंच राहतं. त्वचारोग ओपीडीत पॅच टेस्ट होते: पाठीवर दोन दिवस पट्ट्या चिकटवतात, त्या काढल्यावर एकदा आणि मग एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. चिकाच्या ॲलर्जीसाठी मात्र रक्ताची किंवा प्रिक टेस्ट लागते. पाठीवरच्या पट्ट्यांत ती कळत नाही.

रुग्णालयांच्या खरेदी विभागांना कळकळीची विनंती: पुढच्या निविदेत ‘पावडरविरहित’ ही अट घाला, आणि ज्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आली त्यांच्यासाठी त्या रसायनांशिवाय बनवलेले मोजे वेगळे मागवा.